दिवाकरच्या पडद्यावरचा नंदी

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक कमी आणि पोट्टेच जास्त. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडाचा चाकांवरचा नंदी सजवून दारोदार फिरवतात, आणि ज्याच्या दारात नंदी येईल त्याने हातावर काहीतरी ठेवायचं असतं. त्याला आम्ही बोजारा म्हणतो. भंडाऱ्यातल्या माझ्या कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडाच्या दुकानात मी तोच वाटत बसलो होतो. फोन वाजला. कुसुम, दिवाकरची बायको. मला वाटलं, दरवर्षीसारखं विचारणार, ‘भाऊजी, निघाले का? खेळ सुरू होऊन रायला.’ तर ती म्हणाली, “भाऊजी, हे उठून नाई रायले.”

झालं ते असं. सिरसघाटच्या पुनर्वसन वसाहतीत दरवर्षीप्रमाणे दिवाकरने पडवीत टीव्ही मांडला होता. शेजारी त्याचा तो जुनाट संगणक, आणि त्याला जोडलेला टेपरेकॉर्डर. कॅसेट लावली की टेपमधून कर्कश किंचाळ्या निघायच्या, पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे नाचायचे, आणि चार-पाच मिनिटांनी खेळ चढायचा. तेवढा वेळ दिवाकर खुर्चीत डोळे मिटून त्या किंचाळ्या ऐकायचा. कुठे आवाज घसरला तर त्याला कळायचं. त्या दिवशीही तो तसाच बसला, लोकांना वाटलं ऐकतोय. खेळ चढला, पडद्यावर नंदी येऊन उभा राहिला, पोरांनी ओरडा केला... पण तो उठला नाही. हृदय बंद पडलं होतं. मला राग आला, खरं सांगतो. इतका बडबड्या माणूस आणि जाताना एक शब्द नाही!

दिवाकर माझ्या दुकानाच्या बाजूला टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा. मूळ गाव सिरसघाट, पवनीच्या अंगाला, अगदी वैनगंगेच्या काठावर. माणूस हुशार होता आणि ते त्याला चांगलंच माहीत होतं. नम्रता वगैरे भानगडी त्याच्याकडे नव्हत्या. गिऱ्हाईक म्हणालं, ‘नागपुरात हा टीव्ही तीन जणांनी पाहिला,’ तर हा पेचकस कानामागून काढत म्हणायचा, “मंग चौथ्याकडं आणाले इतका वेळ काहून लावला?” मला ‘शेठ’ म्हणायचा, आणि तो शब्द असा ओढायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, मी सावकारच आहे. माझ्या दुकानात बसून माझाच चहा प्यायचा आणि कोशाच्या पदरांना नावं ठेवायचा. मी चिडलो की खूश.

तो संगणक त्याच्याकडे आला जिल्हा फुटला तेव्हा. गोंदिया वेगळा झाला आणि कचेऱ्यांमधून खुर्च्या, कपाटं, फायली यांच्या वाटण्या सुरू झाल्या. एका प्रशिक्षण केंद्राच्या अडगळीत हा संगणक पडलेला होता. तेव्हाच तो जुना झालेला. टीव्हीलाच जोडायचा, स्वतःचा पडदा नाही, रबराची बटणं. गोंदियाने मागितला नाही, भंडाऱ्याला ठेवायचा नव्हता. भंगारवाल्याच्या गाडीतून दिवाकरने तो उतरवून घेतला. “दोन जिल्ह्यांनी टाकलं, सिरसघाटनं घेतलं,” असं तो पुढे सगळ्यांना सांगायचा. सोबत एक कॅसेट आणि एक माहितीचं पुस्तक आलं. कॅसेटीत एक खेळ होता. डावीकडून उजवीकडे एक विमान उडत जायचं, खालून डोंगर सरकायचे, जमिनीतून रॉकेटं उठायची, आणि आपण गोळ्या झाडत, बाँब टाकत पुढे जायचं. थांबता येत नाही, मागे फिरता येत नाही. डोंगराला टेकलात की संपलात.

त्या खेळाने आमच्या गल्लीचा धंदा बसवला हो! मी, समोरचा पानवाला, बँकेतला शिपाई, सगळे दुपारी दिवाकरकडे. गोळीचं बटण दाबून दाबून त्यावरचं अक्षर पुसलं गेलं. पण आम्ही खेळत होतो आणि दिवाकर खेळ उघडून पाहत होता. सोबत आलेल्या पुस्तकावरून तो त्या यंत्राची भाषा शिकला. एक दिवस पाहतो तर डोंगराच्या जागी गोसीखुर्द धरणाची भिंत. दुसऱ्या दिवशी रॉकेटाच्या जागी पतंग. मी म्हटलं, “हे काय चालवलं?” तर म्हणतो, “शेठ, डोंगर हे नुसतं चित्र हाय. चित्र बदललं की डोंगर बदलते. मंग डोंगरच कायले पायजे? आपल्याकडं डोंगर हाय तरी कुठं?”

तेव्हा धरणाचं काम चालू होतं आणि सिरसघाट उठणार हे नक्की झालं होतं. नव्या वसाहतीत प्लॉट मिळाले ते चिठ्ठ्या टाकून. ज्याच्या भिंतीला भिंत होती तो गेला टोकाला, आणि ज्याचं तोंड पाहायचं नव्हतं तो आला शेजारी. गाव सगळं गेलं वर, पण गावाचा क्रम मोडला. दिवाकरला नेमकं तेच खटकलं. घर काय, पुन्हा बांधता येतं, तो म्हणायचा, पण कोणानंतर कोण हे कुठे लिहून ठेवलंय? आणि मग त्याने ठरवलं. खेळात डोंगराऐवजी सिरसघाट सरकणार. एका टोकाला घाट, दुसऱ्या टोकाला तळ्याची पाळ, आणि मधे एकेक घर, जसं होतं तसं.

क्रम कसा लावायचा? याला त्याच्याकडे उत्तर तयार होतं. गावातला प्रत्येक माणूस लहानपणी तान्ह्या पोळ्याला नंदी घेऊन फिरलेला असतो. पहिलं घर कोणतं, मग कोणतं, कुठे जास्त बोजारा मिळतो, कुठे कुत्रं सोडतात, हे म्हातारपणीही कोणी विसरत नाही. तर घरं त्याच फेरीच्या क्रमाने. तो वसाहतीत जाऊन म्हाताऱ्यांना बसवायचा आणि म्हणायचा, “चला, नंदी घाटावरून निघाला. आता कोणाचं दार?” आणि ते सांगायचे. कोणाच्या दारात चिंच, कोणाच्या छपराचे कवेलू नवे, कोणाच्या ओट्याची एक पायरी तुटकी. हा ते चौकटीच्या कागदावर ठिपक्यांनी काढायचा. त्यात माझा वाटा एवढाच की कोशाच्या किनारीची नक्षी काढायला आमच्याकडे चौकटीचा कागद असायचा. तो त्याने कधी विचारून नेला नाही.

आता गाव आल्यावर विमान कसलं ठेवता? विमानाचा नंदी झाला. लाकडाचा, चाकांवरचा, पाठीवर झूल. तो जमिनीवरून चालायचा, आणि दारासमोर आला की घरात दिवा लागायचा, ‘टुंग’ असा आवाज व्हायचा आणि वरचा आकडा वाढायचा. त्या आकड्याचं नाव बोजारा. गोळी मात्र दिवाकरने ठेवली. “गोळी नसली तं गेम कायचा? भजन म्हणा मंग!” पण गोळी मारायची कोणाला? आधी त्याने छपरांवर उड्या मारणारी वानरं ठेवली, कवेलू फोडणारी. पहिल्याच दिवशी वसाहतीतले तुकारामबुवा उठून उभे राहिले, “अबे, मारोतीले गोळी मारून रायला का तू?” वानरं गेली, डास आले. डासांबद्दल कोणाची तक्रार नव्हती. एवढं नक्की सांगतो, नेम धरताना घराला गोळी लागू नये म्हणून मोठी मोठी माणसं जीव मुठीत धरून खेळायची. “हळू बे, हळू... माहं घर येऊन रायलं!”

गाव रिकामं झालं, पाणी अडलं. त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला दिवाकरने पहिल्यांदा पूर्ण खेळ वसाहतीत लावला. मीही गेलो होतो. पडवी भरून अंगणात माणसं. नंदी घाटावरून निघाला आणि बायका-पुरुष एकेक घर ओरडून सांगत होते. कोणी हसत होतं, कोणी पदर डोळ्याला लावत होतं. नंदी तळ्याच्या पाळीवर पोचला तेव्हा दिवाकर उभा राहिला. दोन्ही हात कमरेवर. “सांगा, एक तरी घर सुटलं का?” सगळे म्हणाले, नाही, बरोबर आहे, एकही नाही सुटलं. मग मागून, दारापाशी बसलेल्या भिवरामावशी म्हणाल्या, “बाबू, माहं नाई दिसलं.”

भिवरामावशी एकट्या राहणारी बाई. दिवाकरच्या आईची मैत्रीण. त्यांचा एकुलता मुलगा लहानपणी तापाने गेला, आणि गेला तो नेमका तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. सणाच्या दिवशी घरात माणूस गेलं की त्या घरचा तो सण बंद पडतो, ही आपल्याकडची रीत. पुढे कधी त्याच दिवशी घरात मूल जन्मलं, निदान गोठ्यात गाय व्याली, तर सण मोकळा होतो. मावशींना पुन्हा मूल झालं नाही. नवरा गेला, गाय विकली. सण बंदच राहिला. आणि सण बंद असलेल्या दारात नंदी न्यायचा नसतो. म्हणून गावातल्या पोरांच्या कितीएक पिढ्या कुंभाराच्या घरापासून तडक मारोतीच्या पारावर गेल्या, मधलं ते दार टाळून. फेरी सगळ्यांना पाठ होती, पण फेरीत ते घरच नव्हतं. एवढी माणसं एवढे दिवस एकमेकांच्या चुका काढत बसली, आणि एकालाही आठवलं नाही. बापाशप्पथ, दिवाकरचं तोंड इतकं उतरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मावशी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “राहू दे गा. तिकडं नंदी येतच नोता.” आणि उठून गेल्या. एवढंच. पाण्याखाली सगळ्यांचंच गेलं होतं, पण बाकीच्यांना पडद्यावर तरी दार मिळालं. या बाईला तेही नाही.

दुसऱ्या दिवशी हा दुकानात आला आणि चहाला नाही म्हणाला. तेव्हाच मी ओळखलं, प्रकरण अवघड आहे. यंत्रातली जागा पार भरली होती. त्या संगणकाची पोच एवढीशी, आजच्या मोबाईलमधला एक फोटो त्यात मावणार नाही. “शेठ, एक कवेलू ठेवाले जागा नाई,” तो म्हणाला. आकाशातला चंद्र काढला, तळ्यातली कमळं काढली, तरी घर बसेना. मी म्हटलं, “मग कोणाचं तरी एक काढ.” माझ्याकडे असं पाहिलं त्याने! “कोणाचं काढू? सांग. तुकारामबुवाचं काढू?” मग मीच म्हटलं, “तुझं स्वतःचं काढ. मोठं मन कर.” मला वाटलं, मी फार थोर काहीतरी बोललो. तो फाडकन म्हणाला, “माहं घर काढत नाई. माह्या मायनं सारवलेलं घर हाय ते. मी काही संत नाई, समजलं का? आन मावशीले दुसऱ्याचं घर पाडून दिलेलं घर चालन का? तुले चाललं असतं?”

आमचं वाजलं. बरेच दिवस बोलणं बंद. म्हणजे मी बोलत नव्हतो, तो भिंतीपलीकडून मला ऐकू जाईल असं गिऱ्हाइकांशी बोलत होता. पण त्याची खरी अडचण मला माहीत होती. काढण्यासारखी एक गोष्ट यंत्रात होती आणि तिच्यात त्याचा जीव होता. गोळी. गोळीची आणि डासांची सगळी गणितं मिळून एका घराएवढी जागा खात होती. आणि ती गोळी त्याने किती खपून बसवली होती हे आम्ही पाहिलं होतं. ती सुटताना निघणारी रेघ, तो आवाज, नेम बसल्यावरची ठिणगी. आमच्या सगळ्यांत नेम धरावा तर दिवाकरनेच. गोळी गेली की खेळात जिंकण्या-हरण्याजोगं काही उरत नव्हतं.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आधी तो कुसुमला सोबत घेऊन मावशींकडे जाऊन बसला. दार कोणीकडे होतं? नदीकडे. परसात काय होतं? शेवगा. आणि दाराच्या वर? मावशी म्हणाल्या, दाराच्या वर लेकानं चुन्यानं उमटवलेला हाताचा पंजा होता, तो त्यांनी कधी पुसू दिला नाही. दिवाकरने पंजाही काढला. पाच ठिपके, बोटांचे.

आणि तान्हा पोळा आला. मी रुसवा सोडून गेलो, नाहीतर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागलं असतं. नंदी निघाला. पोरांनी सवयीने गोळीचं बटण दाबलं. काही नाही. “काका, गोळी नाई लागून रायली!” दिवाकर म्हणाला, “गोळी संपली. नंदी कायले गोळी मारते बे? पुढं पाह्य.” कुंभाराचं घर आलं, टुंग. आणि मग, मारोतीच्या पाराच्या आधी, शेवग्याचं झाड सरकत आलं, एक बुटकं दार आलं, दारावर पंजा. दिवा लागला. टुंग.

मावशी ताडकन उठल्या. “बंद कर! माह्या घरचा पोळा मोकळा नाई. नंदी कायले आणला तिथं?” मला वाटलं, हा शहाणा फसला. पण दिवाकर कधी फसल्यासारखा दिसायचाच नाही. तो जागेवरून न उठता म्हणाला, “मावशी, मोकळा कसा होते?”

“तुले नाई माहीत? याच दिवशी घरात जनम झाला पायजे.”

“मंग झाला ना. घरच जनमलं तुमचं. काल नोतं, आज हाय. साऱ्या गावानं पाह्यलं.”

मावशींनी पुढे येऊन त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला, अगदी आईने घालावा तसा. आणि चालायला लागल्या. आम्हाला कळेना, चिडल्या की काय. थोड्या वेळाने परतल्या त्या ओच्यात मुरमुरे आणि गूळ घेऊन. अंगणातल्या प्रत्येक पोराच्या हातावर त्यांनी ते ठेवलं, प्रत्येकाच्या नंदीला कुंकू लावलं. इतक्या वर्षांचा राहिलेला बोजारा एका दुपारी वाटून टाकला बाईने. मी रडलो. दिवाकरही रडला, पण विचारलं असतं तर म्हणाला असता, टीव्हीचा उजेड डोळ्यात गेला.

त्यानंतर तो खेळ दरवर्षी लागला. संगणक बिघडायचा, हा दुरुस्त करायचा. कॅसेटी झिजायच्या, हा नव्या भरायचा. कोणी शिकलेला नातेवाईक म्हणाला, मोबाईलवर घालून देतो, थांबवता येईल, मागे नेता येईल. दिवाकरने त्याला हात जोडले. “नंदी थांबत नाई, राजा. बोजारा घ्याचा आन पुढच्या दारात जाचं.” मला मात्र त्याने टेपचं हेड जुळवायला शिकवलं होतं. बारीक पेचकसाने एक स्क्रू हळू फिरवायचा, किंचाळी खणखणीत झाली की थांबायचं. “शेठ, कापडात काही दम नाई रायला तुह्या, एवढं तरी शिक,” म्हणे.

तेराव्याला मी वसाहतीत गेलो. जेवणं झाली, आणि पाहुण्यांमधला कोणी वडीलधारा जे बोलायचं ते बोलला. आता या घरचा तान्हा पोळा बंद. रीतच आहे, चुकीचं काही नव्हतं त्यात. कुसुमने मान हलवली. टीव्हीवर ठेवलेला दिवाकरच्या लहानपणचा लाकडी नंदी तिने उचलला, फडक्यात गुंडाळला आणि माळ्यावर ठेवला. ते पाहवत नव्हतं. ज्या माणसाने दुसऱ्याच्या घरचा सण मोकळा केला त्याच्याच घरचा बंद व्हावा! दिवाकर असता तर त्याला काहीतरी सुचलं असतं.

भिवरामावशी कोपऱ्यात बसल्या होत्या. आता फार थकल्यात, कंबर वाकलीय, पण कान तिखट. त्या म्हणाल्या, “कुसुम, टीव्ही लाव.” कुसुम म्हणाली, “मावशी, नोको वो. तो आवाज मले ऐकवत नाई.” खरंच होतं, त्याच आवाजात तिचा माणूस गेला होता. मावशी म्हणाल्या, “ऐक. मी लई वर्षं कान झाकून बसली. तू नोको बसू.” आणि माझ्याकडे वळून, “शेठ, तुमाले येते ना?”

मी कॅसेट लावली. पेचकस आधी स्क्रूला लागेना. मग लागला. किंचाळी खणखणीत झाली. कुसुमने डोळे मिटून घेतले, पण ती उठून गेली नाही. खेळ चढला. नंदी घाटावरून निघाला. पाहुणे, वडीलधारे, सगळे वळून पाहायला लागले. तुकारामबुवाचं घर, टुंग. कुंभाराचं घर, टुंग. शेवगा आला, पंजा आला, टुंग. मावशींनी बसल्या जागेवरून हात जोडले. मारोतीचा पार गेला. त्याच्या पुढे दिवाकरचं घर होतं, जे काढायला त्याने मला ठणकावून नकार दिला होता. आईने सारवलेल्या ओट्यावर त्याने एक माणूस बसवला होता, पाच-सहा ठिपक्यांचा, कानामागे पेचकसाची एक रेघ. नंदी दारासमोर आला. दिवा लागला. टुंग. आकडा वाढला.

“पाह्य,” मावशी म्हणाल्या, “त्यानं देल्ला बोजारा. त्याच्या घरचा पोळा कोण बंद करते?”

वडीलधाऱ्यांनी खाली पाहिलं. नंदी थांबला नाही, तळ्याच्या पाळीकडे गेला. कुसुम उठली, माळ्यावरून गाठोडं काढलं, फडकं सोडलं, आणि लाकडी नंदी पुसून परत टीव्हीवर ठेवला, तोंड दाराकडे करून.